बोलण्याचे वीस गुण

जिंतूर तालुक्यात पूर्णा नदीवर बांधलेले येलदरीचे धरण १९६८ साली पुरे झाले. धरणाने या मुलखाला वीज दिली, पाटाचे पाणी दिले आणि कोणाच्याही योजनेत नसलेली आणखी एक गोष्ट दिली. ती म्हणजे थोडीशी इंग्रजी. तेथील वसाहतीला 'कॅम्प' हे नाव पडले आणि आजही तो भाग 'येलदरी कॅम्प' म्हणूनच ओळखला जातो. गेट, कॅनॉल, पॉवर हाऊस, ओव्हरसियर, मस्टर असले शब्द धरणाच्या कामांवर ज्या मजुरांच्या तोंडी रुळले, त्यांतील पुष्कळांना रोमन लिपीचे एक अक्षरही ओळखता येत नसे. परंतु मस्टरवर नाव चढले की नाही यावर आठवड्याचा बाजार अवलंबून असे, आणि म्हणून तो शब्द कधी विसरला गेला नाही. त्यापूर्वीच्या पिढीने निजामी अमलात कचेरीची उर्दू अशाच रीतीने कानावाटे उचलली होती. मराठवाड्यातील सामान्य माणसाला परभाषेची धास्ती वाटते, हे वारंवार केले जाणारे विधान म्हणूनच तपासून घेतले पाहिजे. गरज असली आणि भाषा कानावर पडत असली की तो ती वापरू लागतो. शाळेत दहा वर्षे शिकूनही जी वापरता येत नाही ती इंग्रजी मात्र निराळ्या जातीची आहे.

दहा वर्षे हा आकडा येथे अलंकार म्हणून योजिलेला नाही. २००० साली, रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना, राज्यातील मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी सुरू करण्यात आले. त्या निर्णयावर बराच वाद झाला. मराठीचे काय होणार ही चिंता एका बाजूला होती. खेड्यातील मुलाने शहरातील मुलाच्या मागे का राहावे, हा प्रश्न दुसऱ्या बाजूला होता. दोन्ही म्हणण्यांत तथ्य होते. तथापि साऱ्या वादाचा रोख इंग्रजी कधी सुरू करावी यावरच राहिला. कोणती इंग्रजी शिकवावी, बोलण्याची की उतरवून काढण्याची, हा प्रश्न बाजूलाच पडला. २०२५ मध्ये तिसरी भाषा म्हणून हिंदी आणण्याचे शासननिर्णय निघाले, त्यावर रान उठले आणि जूनच्या अखेरीस ते मागे घ्यावे लागले, तेव्हाही चर्चा 'कोणती भाषा' आणि 'कितवीपासून' या दोन प्रश्नांपलीकडे फारशी गेली नाही. भाषेचे धोरण म्हणजे भाषांची यादी आणि इयत्तांचे वेळापत्रक, अशी आपली समजूत झालेली दिसते.

दहा वर्षांच्या अखेरीस मुलाला ऐकून समजते काय आणि बोलता येते काय, हे पाहण्याची परीक्षापद्धतीत एकच जागा आहे. दहावीला भाषा विषयाचे शंभर गुण. त्यांपैकी ऐंशी लेखी परीक्षेचे आणि वीस तोंडी व अंतर्गत परीक्षेचे, म्हणजे शाळेने द्यावयाचे. या वीस गुणांचा गेल्या काही वर्षांतील इतिहास शिक्षणाच्या अभ्यासकांइतकाच अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांनीही अभ्यासावा असा आहे.

शाळा हे गुण सढळ हाताने देतात, बोलता येणाऱ्याला आणि न येणाऱ्याला सारखेच मिळतात, ही तक्रार जुनी होती. अखेर २०१८-१९ च्या शैक्षणिक वर्षापासून भाषा व सामाजिक शास्त्रे या विषयांचे अंतर्गत गुण काढून टाकण्यात आले आणि पूर्ण शंभर गुणांची लेखी परीक्षा सुरू झाली. परिणाम मार्च २०१९ च्या परीक्षेत दिसला. २०१८ साली दहावीचा राज्याचा निकाल ८९.४१ टक्के होता, तो ७७.१० टक्क्यांवर आला. एका वर्षात सव्वाबारा टक्क्यांची घसरण झाली. ओरड झाली ती साहजिकच होती. अकरावीच्या प्रवेशात इतर मंडळांचे विद्यार्थी अंतर्गत गुणांच्या बळावर पुढे जातात आणि राज्य मंडळाच्या विद्यार्थ्यांनी मात्र कोरड्या लेखी गुणांवर झुंजावे, हा अन्याय आहे असे पालकांचे म्हणणे होते व ते चुकीचे नव्हते. तेव्हाचे शिक्षणमंत्री आशिष शेलार यांनी २०१९-२० पासून वीस गुण पुन्हा सुरू करीत असल्याचे जाहीर केले. मार्च २०२० च्या परीक्षेचा निकाल लागला ९५.३० टक्के.

हे तीन आकडे जपून वाचले पाहिजेत. २०१९ ची परीक्षा नव्या अभ्यासक्रमाची पहिलीच परीक्षा होती, आणि २०२० मध्ये महामारीमुळे भूगोलाचा पेपर रद्द होऊन त्याचे गुण सरासरीने द्यावे लागले. तेव्हा सारी चढउतार या वीस गुणांच्या खात्यावर टाकणे शास्त्रशुद्ध होणार नाही. तरीसुद्धा साधे अंकगणित बोलके आहे. उत्तीर्ण होण्यास शंभरात पस्तीस गुण लागतात. शाळेने वीसपैकी अठरा दिले की लेखी ऐंशीत सतरा मिळविले तरी काम भागते. म्हणजे लेखी परीक्षेतील उत्तीर्णतेची पातळी पस्तीस टक्क्यांवरून एकवीस टक्क्यांवर उतरते. बोलण्याची परीक्षा म्हणून जे गुण ठेवले होते त्यांचे प्रत्यक्ष कार्य लेखी परीक्षेतील तूट भरून काढणे हे झाले. सरकारी अंदाजपत्रकाच्या भाषेत सांगावयाचे तर ते अनुदान होते.

या प्रकरणात लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट अशी की वीस गुण काढताना जो विचार झाला तो निकालाच्या विश्वासार्हतेचा, आणि परत आणताना जो झाला तो निकालाच्या टक्केवारीचा. मधल्या वर्षभरात लाखो मुलांची बोलण्याची परीक्षा झालीच नाही, त्यामुळे त्यांचे काय बिघडले, असा प्रश्न सार्वजनिक चर्चेत क्वचितच ऐकू आला. बिघडले नसेलच, कारण आधीही ती बहुतेक ठिकाणी होत नव्हती, असे एखादा त्रयस्थ म्हणेल, आणि त्याला उत्तर देणे अवघड जाईल.

दोष शिक्षकांच्या माथी मारून मोकळे होणे सोपे आहे. पण शिक्षकाच्या जागी उभे राहून पाहिले तर चित्र वेगळे दिसते. समजा, जिंतूर तालुक्यातील एखाद्या शाळेत इंग्रजीच्या शिक्षकाने प्रत्येक मुलाशी खरोखर चार मिनिटे इंग्रजीतून संभाषण केले आणि प्रामाणिकपणे कोणाला नऊ, कोणाला अकरा, कोणाला पंधरा गुण दिले. शेजारच्या शाळेने सरसकट एकोणीस दिले. गुणपत्रिकेवर दोन्ही आकडे एकाच रकान्यात छापले जाणार आणि पुढील प्रवेशाच्या यादीत एकाच तराजूत तोलले जाणार. प्रामाणिक शिक्षकाने नुकसान केले ते स्वतःच्याच विद्यार्थ्यांचे. पालक जाब विचारतील, मुख्याध्यापक विचारतील, संस्थाचालकही विचारतील. पुढच्या वर्षी तोही एकोणीस देईल, आणि एकोणीसच द्यावयाचे असतील तर चार मिनिटे तरी कशाला घालवावी? हलके नाणे चलनात आले की चोख नाणे पेटीत जाऊन बसते, हा ग्रेशॅमच्या नावाने ओळखला जाणारा नियम चलनाइतकाच गुणांनाही लागू पडतो. गुडहार्ट या ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञाने १९७५ साली चलनविषयक धोरणाच्या संदर्भात असे दाखविले होते की एखाद्या मोजमापावर नियंत्रणाची भिस्त ठेवली की ते मोजमाप विश्वासार्ह राहत नाही. तोंडी परीक्षेचा आपला अनुभव याहून वेगळा नाही.

इंग्रजी ज्यांची मातृभाषा त्या इंग्लंडातही हेच घडले, हे येथे मुद्दाम सांगितले पाहिजे. तेथील सोळा वर्षांच्या मुलांच्या परीक्षेत, म्हणजे 'जीसीएसई'मध्ये, इंग्रजीच्या एकूण गुणांपैकी वीस टक्के बोलण्या-ऐकण्याचे असत व ते शाळाच देत असत. योगायोगाने आकडाही वीसच. परीक्षांवर देखरेख करणाऱ्या 'ऑफक्वल' या संस्थेने २०१३ मध्ये निर्णय घेतला आणि २०१४ च्या उन्हाळी परीक्षेपासून हे गुण श्रेणीत धरणे बंद झाले. कारणही तेच होते. शाळांनी दिलेल्या गुणांवर भरवसा ठेवता येत नाही. बोलण्याचा शेरा निराळा देण्याची प्रथा मात्र राहिली आणि आजही आहे, परंतु तो श्रेणीत धरला जात नाही. जे धरले जात नाही त्यासाठी शाळा वेळ किती देणार? तेथे हा विषय पुन्हा ऐरणीवर आला असून मौखिक शिक्षणासंबंधी नेमलेल्या एका स्वतंत्र आयोगाने ऑक्टोबर २०२४ मध्ये अहवाल सादर करून बोलण्याला वाचन-लेखनाच्या बरोबरीचे स्थान मागितले आहे.

इंग्लंडच्या त्याच परीक्षेत २०१० पासून काही वर्षे आणखी एक प्रयोग चालला होता आणि आपल्या दृष्टीने तो अधिक मोलाचा आहे. विद्यार्थ्याने बोलून दाखविण्याबरोबरच बोलण्याचा अभ्यास करावयाचा, असे त्याचे स्वरूप होते. घरात बोलताना आणि मुलाखतीत बोलताना माणूस भाषा कशी बदलतो, दूरचित्रवाणीवरील निवेदक कसा बोलतो, मोबाइलवर पाठविलेल्या संदेशातील भाषा लेखनाच्या जवळची की बोलण्याच्या, अशा प्रश्नांवर विद्यार्थ्यांनी प्रत्यक्ष नमुने गोळा करून लिहावयाचे. दहा टक्के गुणांचा हा भाग पुढे अभ्यासक्रम बदलला तेव्हा गेला. पण त्यामागची कल्पना साधी आणि स्वस्त होती. तिला प्रयोगशाळा लागत नव्हती. भोवताली बोलणारी माणसे असली की पुरे.

अशी माणसे येलदरीत किंवा जिंतुरात कमी नाहीत, आणि भाषाही कमी नाहीत. तांड्यावरून शाळेत येणारा मुलगा घरी गोरमाटी बोलतो, वर्गात मराठी आणि बाजारात दखनी वळणाची हिंदी. आजीशी, गुरुजींशी, एस. टी.च्या वाहकाशी आणि मित्राशी कसे बोलावे याचे चार वेगवेगळे नियम तो न शिकता पाळतो. भाषेच्या या व्यवहारज्ञानाला आपल्या इंग्रजीच्या तासात प्रवेश नाही. तेथे संभाषणकौशल्याची परीक्षादेखील कागदावरच होते. लेखी प्रश्नपत्रिकेत, जिला आता कृतिपत्रिका म्हणतात, संवादलेखनाचा प्रश्न असतो. संवाद लिहून दाखवावयाचा आणि तपासनिसाने तो मुकाट्याने वाचावयाचा. बारावीच्या नव्या पुस्तकात मुलाखत, गटचर्चा, ई-मेल, ब्लॉग आणि 'व्हर्च्युअल मेसेज' हे लेखनप्रकार आले, हे स्वागतार्हच आहे. परंतु दूरध्वनीवर झालेले संभाषण वाचून त्यातील निरोप एका चौकटीत लिहून काढावयाचा, एवढ्यावर हा 'व्हर्च्युअल मेसेज' थांबतो. चौकट न आखल्यास गुण कापले जातील काय, ही विद्यार्थ्यांची त्याविषयीची सर्वांत मोठी शंका असते. ज्या विद्यार्थ्याने त्याच दिवशी सकाळी मोबाइलवर पन्नास संदेश धाडले असतील, त्याला हे पाहून इंग्रजीचे पुस्तक आणि जग यांचा काही संबंध नाही असे वाटले तर आश्चर्य नाही.

वस्तुतः या मुलाच्या हातात येणारी इंग्रजी पूर्वीच्या कोणत्याही पिढीहून अधिक आहे आणि अधिक निकडीची आहे. एकेकाळी गावात आलेले पत्र पोस्टमन किंवा मास्तर वाचून दाखवीत. तार आली तर तिचा अर्थ सांगणारा माणूस शोधावा लागे आणि तो सापडेपर्यंत घरात रडारड सुरू होई. २०१३ च्या जुलैत तारखाते बंद झाले. आता वडिलांच्या मोबाइलवर संदेश येतो आणि तो वाचून दाखविण्याचे काम घरातील आठवी-नववीतल्या मुलाकडे किंवा मुलीकडे असते. पंतप्रधान किसान योजनेचा दोन हजारांचा हप्ता, पीकविम्याचा अर्ज, कर्जखात्यातून वळती झालेली रक्कम, 'लाडकी बहीण' योजनेसाठी २०२५ मध्ये सक्तीची झालेली ई-केवायसी आणि तिचा ओटीपी, हा सारा व्यवहार मोबाइलच्या पडद्यावरून होतो व त्यातील पुष्कळसा मजकूर इंग्रजीत असतो. घरातील पंधरा वर्षांचे मूल हे अशा रीतीने कुटुंबाचा कारकून झाले आहे. त्याच्या वाचण्यात चूक झाली तर गुण जात नाहीत, पैसे जातात.

बँकेच्या संदेशातील एक वाक्य घ्या: 'युवर अकाउंट हॅज बीन डेबिटेड'. व्याकरणाच्या दृष्टीने हा कर्मणी प्रयोग. आपल्या शाळांत तो प्रयोग पिढ्यान्‌पिढ्या शिकविला जात आहे. राम आंबा खातो, आंबा रामाकडून खाल्ला जातो, असे रूपांतर करावयाचे आणि एक गुण मिळवावयाचा. कर्मणी प्रयोग माणूस मुळात वापरतो कशासाठी, हे मात्र वर्गात सहसा सांगितले जात नाही. बँकेचे वाक्य त्याचे उत्तम उदाहरण आहे. त्यात कर्ता नाही. रक्कम कोणी काढली? खातेदाराने, विमा कंपनीने, बँकेने आपले शुल्क म्हणून, की कोणा भामट्याने? वाक्य मूग गिळून बसते. 'आपला अर्ज विचाराधीन आहे', 'योग्य ती कारवाई करण्यात येईल' या आपल्या कचेरीच्या मराठीतही कर्ता असाच गायब झालेला असतो, हे कारकुनी करणाऱ्या वाचकांना निराळे सांगावयास नको. जबाबदारी टाळावयाची असेल तेथे कर्ता प्रथम नाहीसा होतो. व्याकरणाचा हा धडा दहावीच्या मुलाला अशा संदेशावरून एका तासात कळेल, आणि कळला की जन्मभर उपयोगी पडेल.

याच संदेशावरून अर्थशास्त्राचाही एक छोटा धडा शिकविता येतो. हे संदेश इंग्रजीत का येतात? बँकांची अनास्था हे एक कारण झाले, पण एकमेव नाही. साध्या मोबाइल संदेशाच्या तांत्रिक रचनेत रोमन लिपीची १६० अक्षरे एका संदेशात मावतात. देवनागरीत लिहावयाचे तर ७० चिन्हांतच संदेश संपतो, आणि त्यात काना, मात्रा, वेलांटी हे प्रत्येकी स्वतंत्र चिन्ह धरले जाते. तोच मजकूर मराठीत पाठविण्यास दोन किंवा तीन संदेशांचे पैसे पडतात. लाखोंच्या संख्येने संदेश धाडणाऱ्या संस्थेला हा फरक लहान नसतो. ज्या काळी प्रत्येक संदेशाला पैसे मोजावे लागत त्या काळी मराठी तरुणांनी मराठी वाक्ये रोमन अक्षरांत लिहिण्याची जी सवय लावून घेतली, तिच्याही मुळाशी हा हिशेब आणि रोमन अक्षरांची बटणे या दोनच गोष्टी होत्या. त्यात मातृभाषेचा द्रोह शोधणाऱ्यांनी आधी दरपत्रक पाहावे. आता मोबाइलवर देवनागरी सहज लिहिता येते आणि संदेशामागे वेगळे पैसेही सहसा पडत नाहीत, तरी सवय टिकून आहे. तिची किंमतही आहे. रोमन अक्षरांत 'बाळ' आणि 'बाल' सारखेच दिसतात, 'मन' आणि 'मण' यांतील भेद पुसला जातो. भेद अर्थातच वाचणारा संदर्भाने ओळखतो, कारण त्याला ते वाक्य डोळ्यांपेक्षा कानाने ऐकू येत असते. लेखनाच्या वेषातले हे बोलणेच आहे.

मोबाइलवरील आखूड शब्दांनी मुलांची भाषा बिघडते, ही शिक्षकवर्गातील आवडती तक्रार आहे. डेव्हिड क्रिस्टल या ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञाने २००८ साली या विषयावर पुस्तक लिहून ही भीती अनाठायी असल्याचे प्रतिपादन केले. पण मराठी माणसाने त्यासाठी इंग्लंडात जाण्याचे कारण नाही. 'सा. न. वि. वि.' अशी पत्राची सुरुवात करणारे, वडिलांना 'ती.' आणि मुलाला 'चि.' म्हणणारे, 'क. लो. अ.' असा शेवट करून वर 'ता. क.' जोडणारे आपले पूर्वज आखूड शब्दांत कोणत्याही तरुणाला हार जाणारे नव्हते. त्यांची भाषा त्यामुळे बिघडली असे कोणी म्हटलेले नाही. त्यांना एक गोष्ट मात्र पक्की ठाऊक होती; 'सा. न. वि. वि.' कोणाला लिहावयाचे आणि कोणाला नाही. आजच्या मुलाला मित्राशी ज्या भाषेत गप्पा मारावयाच्या तीच भाषा नोकरीच्या अर्जासोबतच्या ई-मेलमध्ये चालत नाही, हे सांगणारे कोणी नसते. शाळा त्याला पहिली भाषा वाईट आहे असे सांगते आणि दुसरी पाठ करावयास लावते. दोहोंतील अंतर मोजावयास शिकवीत नाही.

ऐकण्याच्या बाबतीत तर हयगय पराकोटीची आहे. पुण्यात किंवा छत्रपती संभाजीनगरात एखाद्या कारखान्याच्या कचेरीत मुलाखतीला गेलेल्या परभणीकडच्या मुलाची दांडी प्रथम उडते ती प्रश्न ऐकताना. उत्तर देणे पुढची गोष्ट. पुस्तकातील वाक्य त्याने डोळ्यांनी पाहिलेले असते. मुलाखतीतील वाक्य भरभर, तुटक, अर्धे गिळलेले असे येते. तीच गत फसवणुकीच्या दूरध्वनीची. पलीकडचा आवाज अतिशय सभ्य असतो, हिंदी-इंग्रजीचे मिश्रण कचेरीच्या थाटाचे असते, आणि तो घाई करीत असतो. सभ्यता, अधिकार आणि घाई या तिन्हींचे मिश्रण म्हणजे धोक्याची खूण, हे बोलण्याचा अभ्यास केलेल्या मुलाला शिकविता येते. पोलिसांच्या सूचनाफलकाने ते काम पुरतेपणी होणार नाही.

मोबाइल सर्वांकडे आहे असे धरून चालण्यात मात्र एक खाच आहे. 'असर'च्या २०२३ च्या पाहणीत देशातील २८ ग्रामीण जिल्ह्यांतील १४ ते १८ वर्षांच्या मुलामुलींची तपासणी झाली. त्यांत इंग्रजी वाक्य वाचू शकणारे ५७.३ टक्के होते आणि वाचणाऱ्यांपैकीही सुमारे एक चतुर्थांशांना त्याचा अर्थ सांगता आला नाही. स्मार्टफोन वापरता येणाऱ्यांपैकी स्वतःचा फोन असलेल्या मुलांचे प्रमाण ४३.७ टक्के होते, मुलींचे १९.८ टक्के. तेव्हा घरी फोनवर अभ्यास करा असे सांगून शाळेने हात झटकले तर मुलींच्या वाट्याला पुन्हा भावाचा फोन मोकळा होण्याची वाट पाहणेच येईल. हे काम वर्गात, शाळेच्या वेळेत झाले पाहिजे.

वेळ नाही, हे त्यावरचे नेहमीचे उत्तर. त्याचाही हिशेब करून पाहण्यास हरकत नाही. साठ मुलांचा वर्ग, प्रत्येकाला चार मिनिटे, म्हणजे दोनशे चाळीस मिनिटे. चाळीस मिनिटांच्या सहा तासिका. वर्षभरात सहा तासिका काढता येत नाहीत अशी शाळा दुर्मीळच. तेव्हा खोट वेळेत नाही. प्रामाणिकपणे परीक्षा घेणाऱ्याला शिक्षा आणि न घेणाऱ्याला बक्षीस, ही जी रचना आपण करून ठेवली आहे तिच्यात खोट आहे, आणि रचना बदलल्यावाचून प्रशिक्षणाचे कितीही वर्ग भरविले तरी उपयोग मर्यादितच राहील. इंग्रजीच्या शिक्षकांसाठी 'तेजस'सारखे उपक्रम राज्यात झाले, शिक्षकांचे गट स्थापन होऊन आपसांत चर्चाही झाल्या. त्यांतून उत्साही शिक्षक तयार झाले असतील. वर्षाच्या अखेरीस त्यांनाही एकोणीसचा आकडा भरावयाचा असेल तर त्या उत्साहाने काय साधणार?

वीस गुण काढून टाकणे हा उपाय नव्हे. तो करून पाहिला आहे आणि इंग्लंडनेही केला आहे. ते आहेत तसे ठेवणे हाही नव्हे. एक मार्ग असा की वीसपैकी दहा गुण बोलण्याचे ठेवावे आणि ते संभाषण ध्वनिमुद्रित करावे. मुद्रणासाठी शिक्षकाच्या खिशातील फोन पुरे आहे. त्यांतील थोडी मुद्रणे, समजा दर वर्गातील सहा, चिठ्ठ्या टाकून निवडावी आणि दुसऱ्या तालुक्यातील शिक्षकाकडे तपासणीस जावी. दोघांच्या गुणांत मोठी तफावत आढळली तर साऱ्या वर्गाचे गुण त्या प्रमाणात खाली यावेत. जमाखर्चाची तपासणी याच तत्त्वावर चालते; प्रत्येक पावती कोणी पाहत नाही, पण कोणतीही पावती पाहिली जाईल या शक्यतेने जमाखर्च सरळ राहतो. अर्थात तपासणारा शिक्षकही माणूसच आहे आणि दोन तालुक्यांत संगनमत होणारच नाही असे नाही. मात्र सरसकट एकोणीस देणे आजच्याइतके बिनधोक राहणार नाही. मुलांची मुद्रणे कोणाकडे राहतील आणि केव्हा पुसली जातील याचा नियमही आधी करावा लागेल, कारण मुलींच्या पालकांचा पहिला आक्षेप तोच असेल व तो रास्त असेल.

उरलेले दहा गुण बोलण्याच्या अभ्यासाला द्यावेत. विद्यार्थ्याने आपल्या भोवतालचे पाच-सहा नमुने आणावे, नावे आणि आकडे खोडून. बँकेचा एखादा संदेश, धरणाच्या दाराशी लावलेली सूचना, दुकानदाराशी फोनवर झालेले बोलणे, आईने पाठविलेला आवाजी निरोप. तीच विनंती समोरासमोर, फोनवर आणि लेखी संदेशात कशी बदलते ते सोप्या इंग्रजीत दहा ओळींत लिहावे. नमुना मराठीत, गोरमाटीत किंवा उर्दूत असला तरी चालेल. येथे नक्कल करणे अवघड आहे, कारण प्रत्येक घरातले बोलणे निराळे असते. बाजारात तयार उत्तरे विकणाऱ्यांचीही थोडी पंचाईत होईल.

राज्याचा नवा अभ्यासक्रम सध्या टप्प्याटप्प्याने लागू होत आहे आणि माध्यमिक वर्गांची पाळी यावयाची आहे. पुस्तके छापून झाल्यावर मूल्यमापनाचा विचार करण्याची आपली रीत आहे. या खेपेस तो आधी करता येईल. तोवर एखाद्या शिक्षकाला वाटले तर उद्याच्या तासाला तो बँकेचे ते वाक्य फळ्यावर लिहू शकतो आणि रक्कम कोणी काढली असे वर्गाला इंग्रजीतून विचारू शकतो. पहिल्यांदा कोणी हात वर करणार नाही. मग मागच्या बाकावरून कोणीतरी मोडक्या इंग्रजीत म्हणेल की संदेशात ते सांगितलेलेच नाही, आणि बँकेत जाऊन विचारावे लागेल. त्या विद्यार्थ्याला वीसपैकी किती द्यावयाचे ते शिक्षकाने ठरवावे.